लिनक्सवर गेम चालतात का? चालतात, पण कुठला खेळायचाय ते आधी सांगा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सेवा थांबवली. त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही, पडणारही नव्हता. फक्त सुरक्षेचे अपडेट यायचे थांबले. घरगुती वापरणाऱ्यांना नाव नोंदवून आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ते मिळवता येतात. त्यापुढे तेही नाही. बरं, विंडोज ११ टाकावं म्हटलं तर अटी बघा: इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा पाहिजे, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये पाहिजे.

माझ्या भाच्याचा कॉम्प्युटर सहाव्या पिढीच्या आय-फाईव्हचा. सोळा जीबी रॅम आणि सेकंडहँड घेतलेलं एएमडीचं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या त्यांच्या माडीवर, आज्जीच्या बंद पडलेल्या शिलाई मशीनच्या टेबलावर तो ठेवलाय. राजारामपुरीतल्या एका दुकानात विचारायला गेला, तर त्यांनी कॅबिनेट न उघडताच सांगितलं, "भंगारात घाल, नवीन जोडून देतो." पोरगं तोंड पाडून माझ्याकडे आलं.

"लिनक्स टाक की," मी म्हटलं.

"लिनक्सवर गेम चालत न्हाईत मामा. सगळ्यांना म्हाईत हाय."

"मोबाईलवर बीजीएमआय खेळतोस ना? अँड्रॉइडच्या पोटात काय आहे? लिनक्सच आहे."

"ते येगळं हो."

वेगळं आहे, हे खरंच. पण 'सगळ्यांना म्हाईत' असलेली गोष्ट २०१८ पर्यंत बऱ्यापैकी खरी होती, आता राहिलेली नाही. उलट लिनक्सचे भक्त सांगतात तसं 'सगळंच चालतं' हेही खरं नाही. नेमकं काय चालतं, का चालतं आणि जे चालत नाही ते कुणामुळे अडलंय, हे भाच्याला समजावताना माझ्याच डोक्यात जरा नीट बसलं. म्हणून लिहून काढतोय.

गेम कॉम्प्युटरकडे काय मागतो?

गेम स्वतः फार थोडं करतो. बाकी सगळं तो मागून घेतो. ही फाईल उघडून दे, एवढी मेमरी दे, पडद्यावर हे झाड काढ, डाव्या स्पीकरमधून गोळीचा आवाज काढ, कीबोर्डचं कुठलं बटण दाबलं ते सांग. या मागण्या ज्याच्याकडे जातात ती ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ही एक, लिनक्स ही दुसरी.

लिनक्स १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिहायला घेतली. ती 'ओपन सोर्स' आहे, म्हणजे तिचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो.

आता कलेक्टर कचेरी डोळ्यापुढे आणा. मागणी रास्त असून भागत नाही, अर्ज ठरलेल्या नमुन्यात पाहिजे. विंडोजच्या कचेरीत फाईल उघडायचा अर्ज एका नमुन्यात जातो, लिनक्सच्या कचेरीत दुसऱ्या. विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सच्या खिडकीवर आला की कारकून कागद वाचतो आणि परत करतो. काम तेच, कागद चुकीचा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रोसेसर दोन्हीकडे एकच आहे. बेरीज, वजाबाकी, तुलना या मूळ सूचना विंडोजवर आणि लिनक्सवर सारख्याच. गेममधलं बहुतेक गणित आहे तसंच, कुठलाही बदल न करता प्रोसेसरवर चालतं. अडतं ते फक्त अर्जांपाशी.

मग कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून एक अर्ज लिहिणारा बसवला तर? गेमने विंडोजच्या नमुन्यातला कागद त्याच्या हातात द्यायचा, त्याने तो लिनक्सच्या नमुन्यात उतरवून आत द्यायचा, उत्तर आलं की परत विंडोजच्या भाषेत गेमला सांगायचं. गेमला पत्ताच नाही की आपण दुसऱ्याच कचेरीत आलोय.

या अर्ज लिहिणाऱ्याचं नाव वाईन. द्राक्षांचा काही संबंध नाही. 'वाईन इज नॉट अ‍ॅन एम्युलेटर' या वाक्याची ती आद्याक्षरं आहेत. एम्युलेटर म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसऱ्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल चालवणं, कचेरीशेजारी आख्खी दुसरी कचेरी बांधण्यासारखं. वाईन तसं काही बांधत नाही.

ड्रॉइंगशिवाय पार्ट

पण विंडोजचे हे नमुने कळले कसे? वरवरची माहिती मायक्रोसॉफ्ट प्रोग्रामरांसाठी छापतं. आत काय घडतं ते मात्र कुलपात.

आमचे वडील शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. परदेशी मशीनचा पार्ट तुटला, कंपनीकडून मागवायला चार महिने आणि किंमत ऐकून घाम फुटला, की लोक तो तुटका तुकडा पिशवीत घालून उद्यमनगरात यायचे. ड्रॉइंग कुणाकडे असायचं? वडील व्हर्निअर लावून मापं घ्यायचे, तुकडा उलटासुलटा करून कुठं झिजलाय, कुठं घासलाय ते बघायचे, आणि लेथवर नवा जॉब काढायचे. बसवून बघायचं. नाही बसला तर परत लेथवर. शेवटी मशीन फिरलं की झालं. मूळ कारखान्यात तो पार्ट कसा ओतला होता, याच्याशी कुणालाच देणंघेणं नसायचं.

वाईन बनवणाऱ्यांनी नेमकं हेच केलं, १९९३ पासून. विंडोजला एक मागणी द्यायची, काय उत्तर येतं ते टिपायचं, चुकीची मागणी दिली तर कसं चुकतं तेही टिपायचं, आणि मग तसंच वागणारा स्वतःचा तुकडा लिहायचा. असे हजारो तुकडे. १.० ही आवृत्ती निघायला २००८ साल उजाडलं. पंधरा वर्षं! अलेक्झांडर ज्युलिअर्ड नावाचे गृहस्थ १९९४ पासून हे काम सांभाळतायत. एवढा चिवटपणा मी तालमीतल्या वस्तादांतच बघितलाय.

"म्हणजे चोरीच की," भाचा म्हणाला.

नाही. वडिलांनी कुणाच्या कारखान्यातून ड्रॉइंग पळवलं नव्हतं. वाईनवाले तर याबाबतीत सोवळ्यातले आहेत: ज्याने विंडोजचा मूळ कोड पाहिलाय, त्याचं काम ते घेत नाहीत. नमुन्याला जुळेल असं आपलं स्वतःचं काम करणं, हा प्रश्न अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, ओरॅकल आणि गूगलच्या खटल्यात. गूगलने अँड्रॉइडसाठी जावा भाषेतल्या मागण्यांची नावं आणि रचना जशीच्या तशी घेतली होती, आतलं काम स्वतः लिहिलं होतं. २०२१ मध्ये कोर्टाने त्या वापराला रास्त ठरवलं. उलट तुमच्या कॉम्प्युटरवर क्रॅक केलेली विंडोज असेल, तर चोरी कुठली, ते तुम्हीच बघा.

चित्रांचा अवघड घाट

वाईनवर साधे प्रोग्राम चालायला लागले तरी गेम बरीच वर्षं रडतखडतच चालायचे. कारण गेमच्या मागण्यांतला मोठा वाटा चित्रांचा. सेकंदाला साठ वेळा आख्खा पडदा नव्याने रंगवायचा असतो. विंडोजवर ही मागणी करायची पद्धत म्हणजे डायरेक्टएक्स, आणि ती मायक्रोसॉफ्टच्या घरची.

२०१६ मध्ये व्हल्कन नावाची दुसरी पद्धत आली. ती कुणा एका कंपनीची नाही, सगळ्यांसाठी खुली. मग फिलिप रेबोले नावाच्या एका जर्मन प्रोग्रामरला लिनक्सवर 'निअर: ऑटोमाटा' हा एकच गेम खेळायचा होता. तेवढ्यासाठी त्याने डायरेक्टएक्सच्या मागण्या व्हल्कनमध्ये उतरवणारा प्रोग्राम लिहायला घेतला. त्याचं नाव डीएक्सव्हीके. एका माणसाच्या हौसेतून निघालेली ही गोष्ट इतकी चांगली निघाली की पुढे इंटेलने आपल्या आर्क ग्राफिक्स कार्डांच्या विंडोजवरच्या ड्रायव्हरमध्येही (ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांची गाठ घालून देणारा प्रोग्राम) जुन्या गेमसाठी ती वापरली. विंडोजवर! उद्यमनगरात काढलेला पार्ट मूळ कारखान्याने विकत न्यावा, तसं झालं हे.

पण यात पैसे कुणी घातले, आणि का?

हौशी लोकांच्या जिवावर एवढं होत नाही. स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं जगातलं सगळ्यात मोठं दुकान. ते चालवणारी कंपनी व्हॉल्व्ह. २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि तिच्यासोबत मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकानही. व्हॉल्व्हचे गेब न्यूएल उघडच म्हणाले की ही विंडोज सगळ्यांसाठी आपत्ती आहे. रागाचं कारण सरळ आहे. तुमचा गाळा दुसऱ्याच्या इमारतीत आहे, आणि इमारतीच्या मालकाने तळमजल्यावर त्याच मालाचं दुकान टाकलं. उद्या तो जिन्याला कुलूप लावणार नाही कशावरून?

म्हणून त्यांनी स्वतःची जागा बांधायला घेतली. पहिला डाव फसला. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये लिनक्सवर चालणारी 'स्टीम मशीन' बाजारात आली आणि पडली. गेम बनवणाऱ्यांनी लिनक्ससाठी वेगळे गेम लिहावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. लिहिणार कोण? गिऱ्हाईक नाही म्हणून गेम नाही, गेम नाही म्हणून गिऱ्हाईक नाही.

मग त्यांनी डावच बदलला. गेमवाल्यांना काही सांगायलाच नको. त्यांचे विंडोजचे गेम आहेत तसे आपणच चालवून दाखवू. वाईन घेतलं, डीएक्सव्हीके जोडलं, रेबोलेसारख्या लोकांना पगार सुरू केला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' बाहेर काढलं. स्टीममध्ये ते आतच बसवलेलं असतं. २०२२ च्या फेब्रुवारीत हातात धरून खेळायचं स्टीम डेक आलं, तेही लिनक्सवर, आणि लाखो लोक लिनक्स हे नावही न घेता लिनक्सवर खेळायला लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्सवाल्यांचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेला. शंभरातले तीन. फार नाहीत. पण आधी एकावरच घुटमळत होते.

मध्ये दलाल म्हणजे वेग कमी होणारच?

भाच्याचा हा प्रश्न रास्त होता. मध्ये कुणी अर्ज लिहायला बसला की थोडा वेळ जाणारच. जातोही. पण गणित थेट प्रोसेसरवर चालत असल्यामुळे आणि लिनक्स स्वतः हलकी असल्यामुळे बऱ्याच गेममध्ये फरक डोळ्याला कळत नाही. काही गेम थोडे मागे पडतात, काही उलट पुढे जातात. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मात्र डायरेक्टएक्स १२ वरचे गेम विंडोजपेक्षा हळू चालतात, हे माझ्या लॅपटॉपवर मी स्वतः बघितलंय. एएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या आतच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. एनव्हिडियाचा वेगळा टाकावा लागतो. आणि जीटीएक्स १०६० किंवा १०५० टीआयसारखी जुनी कार्डं असतील तर ड्रायव्हरची ५८० ही शेवटची मालिका, त्यापुढचे ड्रायव्हर त्यांना घेत नाहीत. नवा म्हणजे चांगला असं समजून पुढचा टाकाल आणि काळ्या पडद्याकडे बघत बसाल.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशी हमखास घाबरवते. गेम सुरू केला की स्टीम म्हणतं, 'व्हल्कन शेडर्स तयार होतायत', आणि पाच-दहा मिनिटं टक्केवारी सरकत राहते. भाच्याला वाटलं अडकलं. अडकलेलं नसतं. शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डाला दिलेल्या छोट्या-छोट्या पाककृती: पाणी असं चमकव, धूर असा पसरव. कार्डाच्या भाषेत त्या आधी शिजवून घ्याव्या लागतात.

मिसळवाला पहाटे उठून कट करून ठेवतो. दहा वाजता गर्दी झाली की नुसतं वाढायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाला नव्याने मसाला भाजायला घेतला तर रांग बिंदू चौकापर्यंत जाईल. खेळताना मध्येच गेम अर्धा सेकंद अडखळतो ना, तेव्हा तो तिथल्या तिथे मसाला भाजत असतो. स्टीम हे आधीच करून घेतं. शिवाय तुमच्यासारखंच कार्ड असलेल्या दुसऱ्या कुणाकडे तयार झालेलं तुम्हालाही पाठवतं, आत्याकडून वर्षाची चटणी कुटूनच यावी तसं. पहिल्यांदा दहा मिनिटं लागली तरी थांबा, बटण दाबून उडवू नका.

जिथे अडतं ती जागा

आता वाईट बातमी. भाचा पेठेतला, म्हणजे फुटबॉल आलाच. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाची मॅच असली की घरात जेवायलाही थांबत नाही. आणि कॉम्प्युटरवर ईए स्पोर्ट्स एफसी. अलीकडची एफसी लिनक्सवर चालत नाही. व्हॅलोरंट नाही. फोर्टनाइट नाही, पबजीची कॉम्प्युटरवरची आवृत्ती नाही, नवी कॉल ऑफ ड्यूटी नाही.

चित्रांमुळे नाही, वेगामुळे नाही. पंचामुळे.

ऑनलाइन खेळात फसवणूक करणारे खूप. भिंतीपलीकडचा माणूस दिसतो, नेम आपोआप लागतो, असले प्रोग्राम विकत मिळतात. त्यांना पकडणाऱ्या प्रोग्रामला अँटीचीट म्हणतात. खासबागेत कुस्ती लागण्याआधी पंच पैलवानाच्या अंगावरून हात फिरवून तेल लावलंय का बघतात, तसंच हे. पंच आखाड्यात उभा आहे तोवर कुणाची हरकत नाही.

पण फसवणारे प्रोग्राम खोल घुसायला लागले, तसे पंचही खोल गेले. ऑपरेटिंग सिस्टीमचा सगळ्यात आतला गाभा म्हणजे कर्नेल (फौजेतला कर्नल नव्हे). मेमरी, डिस्क, कीबोर्ड, सगळ्याच्या किल्ल्या त्याच्याकडे. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड विंडोजच्या या गाभ्यात बसतं आणि गेम उघडायच्या आधीपासून, कॉम्प्युटर चालू होतानाच, जागं असतं. म्हणजे पंच कुस्तीच्या दिवशी पहाटेच पैलवानाच्या घरी येऊन बसला, आणि तिजोरीची किल्लीही त्याच्याच कमरेला.

इथे आपल्या अर्ज लिहिणाऱ्याचे हात टेकतात. अर्ज तो कुठलाही उतरवून देईल. पण हा पंच अर्ज करत नाही, तो थेट विंडोजच्या साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन बसायला बघतो, आणि लिनक्सच्या कचेरीत ती केबिनच नाही.

गेम कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. लिनक्सचा कर्नेल कुणालाही बदलता येतो, तेच तिचं मोठेपण. मग पंच म्हणतो, ज्या घराच्या भिंती मालक रातोरात हलवू शकतो, तिथे मी काय तपासू? मला ही अडचण खोटी वाटत नाही. पण पुरती पटतही नाही, कारण विंडोजवरच्या कडेकोट पंचांच्या नाकाखालीही फसवणारे खेळतातच. आणि गाभ्यात परक्याला बसवायची किंमतही आपण बघितली आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट गेला आणि विंडोजची सुमारे ८५ लाख मशीन निळा पडदा दाखवत बसली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले होते, आठवतंय? ते अँटीचीट नव्हतं, पण बसलं होतं त्याच गाभ्यात.

गंमत अशी, की सगळेच पंच लिनक्सला नाही म्हणत नाहीत. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या अँटीचीटनी २०२१ मध्येच प्रोटॉनवर चालायची सोय केली. फक्त ती सुरू करायची की नाही, हे प्रत्येक गेमवाल्याने ठरवायचं. बऱ्याच जणांनी केली. आता उलटे नमुने बघा. फोर्टनाइट एपिक या कंपनीचा, ईझी अँटीचीटही एपिकचंच, तरी फोर्टनाइट लिनक्सवर नाही. अपेक्स लेजंड्स चालत होता, २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस कंपनीने स्वतःहून बंद केला. जीटीए फाईव्हचं तर मजेशीर आहे: कथेचा भाग लिनक्सवर झकास चालतो, ऑनलाइनचा भाग सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय बसवल्यापासून चालत नाही. कॉम्प्युटर तोच, गेम तोच. हे जमत नाही म्हणून अडलेलं नाही, कुणीतरी नको म्हणालंय म्हणून अडलंय.

काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ हे व्हॉल्व्हचे स्वतःचे गेम. त्यांना वाईनही लागत नाही, ते थेट लिनक्ससाठीच बनवलेले आहेत.

म्हणून कुणी मला विचारलं, की मी आधी विचारतो: एकट्याने खेळतोस की चारचौघांत? एकट्याचे, कथेचे गेम असतील तर डोळे झाकून ये. चारचौघांतले असतील तर नावं सांग, एकेक बघू.

फुकट मिळतंय म्हणजे पाणी मुरतंय

बहिणीला ही शंका. लिनक्सवर कुणी उपकार करत नाही. इंटेल, एएमडी, गूगल, रेड हॅट यांचे पगारी लोक तिच्यावर काम करतात, कारण त्यांचा स्वतःचा धंदा तिच्यावर चालतो. आपल्याकडे सी-डॅकने बॉस नावाची लिनक्स काढली, केरळच्या सरकारी शाळांत पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतायत. गावच्या विहिरीचा गाळ ज्यांच्या शेताला पाणी जातं तेच काढतात, त्यातलं आहे हे.

एक भाबडा समज मात्र सोडा: लिनक्सला व्हायरस लागत नाही, म्हणून पेनड्राइव्हवरून आणलेला क्रॅक गेम बिनधास्त चालवावा. वाईन म्हणजे पिंजरा नाही. आत चालणाऱ्या प्रोग्रामला तुमच्या घरच्या फाईली दिसतात. क्रॅकसोबत आलेला विंडोजचा किडा तिथेही चावू शकतो.

माझे दोन दिवस कुठे गेले

लिनक्स वेगवेगळ्या बांधणीत मिळते, तिला डिस्ट्रो म्हणतात. विंडोजवरून येणाऱ्याला मिंट सोपी. फक्त खेळण्यासाठीच मशीन असेल तर बॅझाइट, तिच्यात स्टीम आधीच असतं. एका पेनड्राइव्हवर ती उतरवून कॉम्प्युटर त्यावरूनच चालू करता येतो, आतल्या डिस्कला हात न लावता. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, मराठी टाइप होतंय का, हे आधीच बघून घ्या. घरात त्याच कॉम्प्युटरवर टॅली चालत असेल तर विंडोज काढू नका, शेजारी ठेवा. मोबदल्यात थोडी जागा जाईल, भांडणं होणार नाहीत.

मिंट बसवायला आम्हाला पाऊण तास लागला. चूक झाली ती पुढे, आणि ती सर्वस्वी माझी. भाच्याच्या डी ड्राइव्हवर रेड डेड रिडेम्प्शन २ आधीच होता. शंभर जीबीच्या वरचा गेम परत कोण डाउनलोड करणार? मी हुशारी केली आणि लिनक्सच्या स्टीमला तोच ड्राइव्ह दाखवला. स्टीमने गेम ओळखला. 'प्ले' दाबलं. बटण हिरव्याचं निळं झालं, दोन सेकंदांनी परत हिरवं. पडदा ढिम्म. दोन रात्री आम्ही ड्रायव्हर बदलले, प्रोटॉन बदललं, वायर काढून लावल्या. बहीण मधून मधून चहा आणायची आणि काही न बोलता ठेवून जायची.

कारण निघालं एवढंसं. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटी खोटी विंडोज मांडतं आणि तिच्यात 'सी:' नावाची एक नोंद करतं. त्या नावातला विसर्ग, ते दोन टिंबांचं चिन्ह, विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर फाईलच्या नावात चालत नाही. म्हणजे मांडणीच धड होत नव्हती. ड्राइव्ह लिनक्सच्या पद्धतीने, ईएक्सटी४ मध्ये, फॉरमॅट केला, गेम बाहेरच्या डिस्कवरून परत आणला, आणि गेम पहिल्या फटक्यात उघडला. शेडरची टक्केवारी सरकली, मग बर्फ, मग घोडे. भाचा खुर्चीत पुढे सरकून बसला. "मामा, नाद खुळा," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून त्याला एक सवय लागलीय. कुठलाही गेम घ्यायच्या आधी तो प्रोटॉनडीबी नावाच्या साईटवर नाव टाकून बघतो. तिथे खेळणारेच सांगतात: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ, आणि सगळ्यात खाली 'बोर्क्ड'. या शेवटच्या शब्दाचं भाषांतर भाच्याने स्वतःच केलंय: बोंबललेलं. एखादा गेम हटून बसला तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये, कम्पॅटिबिलिटीत, प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडतो. एक्सबॉक्सचा कंट्रोलर लावला तसा चालला, काही टाकावं लागलं नाही.

एफसी मात्र बोंबललेलीच आहे. त्यासाठी विंडोज ठेवायची का, यावर दोन दिवस विचार केला त्याने, आणि नको म्हणाला. आता रविवारी संध्याकाळी तो शुक्रवार पेठेत मित्राकडे जातो. त्याच्याकडे विंडोज ११ आहे, पण कंट्रोलर एकच. म्हणून आपला कंट्रोलर पिशवीत घालून नेतो, वायर गुंडाळून.